मोजता येतं ते आणि ठरवावं लागतं ते

समोर शिक्षक आहेत, पालक आहेत, आणि नववी-दहावीची बरीच मुलंमुली आहेत, त्यामुळे मी थेट विषयावरच येतो. मुलांनो, मधे एकदोनदा हिशेब करायला सांगणार आहे. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. मोठ्यांनी गप्प बसायचं.

शाळेचं वेळापत्रक डोळ्यांपुढे आणा. सकाळी परिपाठ. प्रार्थना, सुविचार, बोधकथा. म्हणजे कसं वागावं, काय करावं, याची ती वेळ. मग तिसऱ्या-चौथ्या तासाला विज्ञान. तिथे बल, ऊर्जा, पेशी, आनुवंशिकता. म्हणजे काय आहे आणि कसं चालतं, याची ती वेळ. या दोहोंच्या मधे घंटा वाजते आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही. परिपाठात कुणी आकडा सांगत नाही, आणि विज्ञानाच्या तासाला कुणी विचारत नाही की हे करावं का.

मला आज एवढंच मांडायचं आहे की आपल्या नंदुरबार जिल्ह्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत हे दोन तास शाळेबाहेर एकत्र आले. आधी नर्मदेच्या काठावर आले, आणि आता आपल्या रक्तात आले आहेत. शाळेला मात्र ते एकत्र शिकवायचे कसे, हे अजून नीटसं उमगलेलं नाही. ते का उमगलं नाही, याला इतिहास आहे. तो थोडा मागून सुरू करू.

1882 साली इंग्रज सरकारनं शिक्षणाची पाहणी करायला हंटर आयोग नेमला होता. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी एक निवेदन दिलं. निवेदनातली एक मागणी आपण सगळे जाणतो, की प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. पण शाळेत शिकवावं काय, याचीही त्यांनी यादी दिली होती. मोडी आणि बाळबोध लिहिणं-वाचणं, हिशेब, थोडा इतिहास, थोडा भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, आणि नीती व आरोग्याचे काही धडे. शेती, आरोग्य आणि नीती एकाच यादीत, एकाच मास्तरांकडे. याच सुमाराला त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिलं. त्यात माती वाहून जाऊ नये म्हणून बांध आणि ताली घालायला ते सांगतात, आणि त्याच पुस्तकात शेतकऱ्याच्या गुरांना रान बंद करणाऱ्या जंगलखात्यावर कोरडेही ओढतात. माती कशी धुपते हे विज्ञान झालं. रान कुणाचं, हा न्यायाचा प्रश्न झाला. जोतीरावांना हे दोन वेगळ्या तासांचे विषय वाटले नाहीत, कारण शेतकऱ्याच्या बांधावर ते वेगळे नसतातच.

सरकारी शाळेत मात्र वेगळंच रुजलं. तुम्ही ‘वस्तुपाठ’ हा शब्द वापरता ना? ‘त्यांनी प्रामाणिकपणाचा वस्तुपाठ घालून दिला’ असं आपण म्हणतो. हा शब्द मुळात शाळेतला आहे. मुलांपुढे खरी वस्तू ठेवायची, एखादं पान, एखादा दगड, एखादं बी, आणि ती पाहायला, हाताळायला लावून शिकवायचं, ही युरोपातून आलेली पद्धत. तिचं मराठी नाव वस्तुपाठ. पुढे गंमत अशी झाली की वर्गातली वस्तू गेली आणि नुसता पाठ उरला. शब्द राहिला तो भाषणांपुरता.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगानं 1966 च्या अहवालात सांगितलं की पहिली दहा वर्षं सगळ्याच मुलांना विज्ञान आणि गणित शिकवा. मोठा निर्णय होता तो. त्याआधी विज्ञान हा अनेक शाळांत ऐच्छिक, म्हणजे निवडक मुलांचा विषय होता. आता तो सगळ्यांचा झाला, आणि लगेच प्रश्न आला की खेड्यातल्या, प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत तो शिकवायचा कसा? या प्रश्नावर दोन ठिकाणी मनापासून काम झालं. दोन्ही ठिकाणं आपल्यापासून फार लांब नाहीत.

पहिलं आपल्या खानदेशातच, रावेर तालुक्यातलं खिरोदा. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं 1974 मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केलं. त्या केंद्राचं सुरुवातीचं मोठं क्षेत्रकाम खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये झालं. केंद्राचे प्रमुख होते वि. गो. कुलकर्णी, स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांनी पुढे मुंबईच्या महापालिका शाळांतल्या मुलांबरोबरही काम केलं. त्या सगळ्या कामातून एक साधी पण टोचणारी गोष्ट पुढे आली. मुलं विज्ञानात मागे पडतात त्यात पुस्तकाच्या भाषेचा वाटा फार मोठा आहे. कल्पना अवघड नसते, वाक्य अवघड असतं. भाषा सोपी केली की तेच मूल तीच कल्पना समजून घेतं. आता विचार करा, मराठी घरातल्या मुलाची ही गत, तर ज्याच्या घरी पावरी, भिलोरी किंवा मावची बोलतात त्याची काय? 2011 च्या जनगणनेप्रमाणे आपल्या जिल्ह्यात दर शंभरात 69 माणसं आदिवासी आहेत. म्हणजे इथल्या बहुसंख्य मुलांसाठी विज्ञानाचा तास हा आधी भाषेचा तास असतो.

दुसरं ठिकाण मध्य प्रदेशातलं होशंगाबाद, आज त्याचं नाव नर्मदापुरम आहे. नाव नीट ऐका. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते तीच नर्मदा, फक्त वरच्या अंगाला. तिथे 1972 मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवायला घेतलं. 1978 मध्ये ते सगळ्या जिल्ह्यात गेलं, आणि 1982 पासून एकलव्य संस्थेनं ते पुढे चालवलं. त्यांच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकात व्याख्या आणि उत्तरं छापलेली नसत, प्रयोग आणि प्रश्न असत. परीक्षेला पुस्तक जवळ ठेवायची मुभा होती, कारण नक्कल करण्यासारखं उत्तर त्यात नव्हतंच. आणि ‘सवालीराम’ नावाचं एक कल्पित पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहून काहीही विचारत, आणि पत्राला उत्तर येई.

हा उपक्रम तीस वर्षं चालला. 2002 मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. पण त्याच्या बंद होण्यापेक्षा मला त्याची एक मर्यादा आज महत्त्वाची वाटते. खिरोद्यानं भाषेचं कुलूप दाखवलं, होशंगाबादनं हातानं करून पाहायला शिकवलं. दोन्हींनी ‘काय आहे’ हा प्रश्न मुलांचा केला. ‘काय करावं’ हा प्रश्न मात्र विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरच राहिला. हा त्यांचा दोष म्हणून मी सांगत नाही. आधी पहिली पायरी बांधावी लागते.

दुसरी पायरी वेगळ्याच बाजूनं आली, न्यायालयाच्या आदेशानं. राज्यघटनेत 1976 च्या दुरुस्तीनं नागरिकांची मूलभूत कर्तव्यं आली. त्यात दोन कर्तव्यं शेजारी शेजारी आहेत, एक निसर्गाचं रक्षण करण्याचं आणि दुसरं वैज्ञानिक दृष्टी बाळगण्याचं. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि 22 नोव्हेंबर 1991 रोजी न्यायालयानं आदेश दिला की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीचा करा. चित्रपटगृहांनी खेळाच्या वेळी पर्यावरणाच्या स्लाइड दाखवाव्यात, हेही त्यात होतं. 2003 मध्ये न्यायालयानं पुन्हा कान पिळला, तेव्हा कुठे अंमलबजावणी वेगानं झाली.

शाळेत काय आलं ते तुम्हाला माहीतच आहे. प्राथमिकला ‘परिसर अभ्यास’ चांगला आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण वरच्या वर्गांत पर्यावरण म्हणजे श्रेणीचा विषय आणि प्रकल्पाची वही. प्रदूषणाचे प्रकार, दुष्परिणाम, उपाय. शेवटी घोषवाक्य: झाडे लावा, झाडे जगवा. आणि बाजारात चित्रं चिकटवलेला तयार प्रकल्पसुद्धा मिळतो! या वहीत वाद कुठेच नसतो. झाड तोडणारा वाईट, लावणारा चांगला, संपलं. झाड का तोडलं, कुणी तोडलं, त्याच्या बदल्यात कुणाला काय मिळालं, हे विचारायला त्या वहीत रकानाच नाही.

आता योगायोग पाहा. न्यायालयाचा तो आदेश आला त्याच सुमाराला, 1991-92 मध्ये, आपल्या अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या टोकाला, नर्मदेच्या काठी, चिमलखेडी आणि निमगव्हाण इथं पहिल्या जीवनशाळा सुरू झाल्या. तिथल्या मुलांना पर्यावरण हा विषय वहीत शिकायचा नव्हता, तो त्यांच्या अंगणात चढत येत होता.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. सरदार सरोवराची कोनशिला 1961 मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. पाणी कुणाला किती, या भांडणावर नर्मदा पाणीतंटा लवादानं 1979 मध्ये निवाडा दिला. धरणाची उंची 138.68 मीटर ठरली. पाण्यात महाराष्ट्राला 0.25 दशलक्ष एकर-फूट मिळालं, गुजरातला 9 दशलक्ष. विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के. आणि बुडणार होती महाराष्ट्रातली 33 गावं, सगळी आत्ताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, सगळी सातपुड्याच्या कुशीतली. तेव्हा आपण धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा झाला. 1993 च्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

या गावांमध्ये कागदावर शाळा होत्या, पण बऱ्याच ठिकाणी त्या भरत नव्हत्या. नर्मदा बचाव आंदोलनानं लोकांच्या मदतीनं शाळा काढल्या. कुडाच्या भिंती, गावातलेच शिकलेले तरुण शिक्षक, सुरुवात मुलांच्या बोलीत आणि मग मराठी. ‘लडाई, पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. मुलं चौथीची परीक्षा सरकारी व्यवस्थेतूनच देत. पाणी वर आलं की शाळाही डोंगरावर वर न्यावी लागे. औषधी झाडं, रानातले पक्षी, बी-बियाणं, जंगलाचे कायदे, जमिनीची मोजणी, हे तिथे जगण्याचे विषय होते. खिरोद्याचा भाषेचा धडा इथं आपोआप आला, होशंगाबादचा हातानं करण्याचा धडाही आला, आणि तिसरी गोष्ट आली ती म्हणजे वाद.

त्या खोऱ्यातला एक खरा वस्तुपाठ सांगतो. धडगाव तालुक्यात बिलगाव नावाचं गाव आहे, उदय नदीवर. तिथे धबधब्याच्या पाण्यावर गावकऱ्यांनी श्रमदानानं आणि बाहेरून आलेल्या तरुण अभियंत्यांच्या मदतीनं एक लहानसं वीजकेंद्र बांधलं. 2003 मध्ये ते सुरू झालं. क्षमता 15 किलोवॅट. घरांत आणि आश्रमशाळेत दिवे लागले. 2006 च्या पावसाळ्यात पुराच्या आणि धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यात ते गेलं.

आता मुलांनो, हिशेब. सरदार सरोवराच्या दोन वीजघरांची मिळून क्षमता 1,450 मेगावॅट. एक मेगावॅट म्हणजे हजार किलोवॅट. बिलगावचं केंद्र 15 किलोवॅटचं. तर सरदार सरोवर म्हणजे किती बिलगाव?

बरोबर. 96,666. जवळजवळ एक लाख बिलगाव.

हा भागाकार आला तर विज्ञानाचा तास पुरा झाला, पैकीच्या पैकी गुण. कुणी हुशार मुलगी म्हणेल, सर, क्षमता आणि वर्षभरात प्रत्यक्ष तयार झालेली वीज या वेगळ्या गोष्टी आहेत, नदीला पाणी असेल तेवढीच वीज. तिला आणखी दोन गुण. पण यापुढे एक प्रश्न आहे तो भागाकारानं सुटत नाही. लाख बिलगाव एकीकडे आणि एक बिलगाव दुसरीकडे असेल, तर ते एक बुडवावं का? लाखाचा आकडा मोठा आहे म्हणून उत्तर ‘हो’ होतं का? ज्याच्या घरातला दिवा गेला, त्याला त्या लाखांतला एक तरी मिळाला का? आणि मिळाला असता तर उत्तर बदललं असतं का?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे, आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. कच्छ आणि सौराष्ट्रातल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हंडे घेऊन वणवण करत होत्या. नर्मदेचं पाणी कालव्यानं आणि नळानं तिथवर पोचलं. कच्छमधल्या मुलीच्या डोक्यावरचा हंडा आणि मणिबेलीतल्या मुलीचं घर, हे दोन्ही एकाच गणितात आहेत. सरकारी शाळेच्या पुस्तकात पहिली मुलगी असते. जीवनशाळेत दुसरी असते. सरकारी शाळेला विचारावं की मणिबेली कुठे आहे, आणि आंदोलनाच्या शाळेलाही विचारावं की कच्छ कुठे आहे. जी शाळा एका बाजूनं लढते आहे तिथल्या मुलाला दुसरी बाजू ऐकायला मिळते का, हा प्रश्न जीवनशाळांना लागू होतोच. फक्त एक फरक विसरू नये. पहिल्या शाळेच्या पाठीशी तीन राज्यांची सरकारं होती आणि दुसऱ्या शाळेच्या भिंती पाण्यात जात होत्या.

शिवाय या वादात ‘निसर्ग’ एकाच बाजूला उभा नाही. महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांना जमीन द्यायची तर ती आणायची कुठून? 1990 मध्ये केंद्र सरकारनं तळोद्याचं सुमारे 2,700 हेक्टर जंगल त्यासाठी मोकळं करायला परवानगी दिली. म्हणजे बुडालेल्यांना वसवायला जंगल तोडायचं. त्या जंगलाच्या जमिनी आधीपासून कसणारे, त्यावर जगणारे दुसरे आदिवासी होतेच. मग भांडण आदिवासी आणि आदिवासी यांच्यातच लागलं. प्रकल्पाच्या वहीत ‘जंगल वाचवा’ लिहिणाऱ्या मुलाला हे कोण सांगणार? निवाड्यात ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ असं तत्त्व होतं, मोठं तत्त्व होतं. पण ज्याच्या आजोबांनी डोंगरउतारावर शेत कसलं आणि सातबारा कधी झालाच नाही, त्याची जमीन मोजायची कशी? वनहक्क कायदा यायला 2006 उजाडावं लागलं.

मोठी माणसंही या वादात एकमतानं बोलली नाहीत. जागतिक बँकेनं 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पुढे तिनंच नेमलेल्या मोर्स समितीनं 1992 मध्ये पुनर्वसनावर आणि पर्यावरणाच्या अपुऱ्या अभ्यासावर बोट ठेवलं, आणि 1993 मध्ये बँकेचा पैसा थांबला. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयानं धरणाला वाट करून दिली, पण निकाल दोन विरुद्ध एक असा होता. न्यायमूर्ती भरुचा यांचं वेगळं मत असं की 1987 मध्ये पर्यावरणाची मंजुरी दिली तेव्हा आवश्यक अभ्यास पुरे झालेलेच नव्हते. शिक्षकमंडळी, हे मत नववीच्या वर्गात शिकवण्यासारखं आहे. धरण चांगलं की वाईट, हा मुद्दा त्यात पुढचा आहे. आधीचा मुद्दा असा की जे मोजता येण्यासारखं आहे ते मोजून झाल्याशिवाय ठरवायला बसू नये.

इथं मला माझ्या शीर्षकाकडे येता येतं. काही गोष्टी मोजता येतात आणि काही ठरवाव्या लागतात. मोजण्याच्या गोष्टीत बहुमत चालत नाही. 138.68 मीटरवर पाणी कुठवर येईल हे हात वर करून ठरत नाही. आणि ठरवण्याच्या गोष्टीत आकडा एकटा पुरत नाही. शाळेची चूक दोन्हीकडून होते. मोजायच्या गोष्टी ती पाठ करून घेते, आणि ठरवायच्या गोष्टींची घोषवाक्यं करते.

धरण तर झालं. 2017 मध्ये त्याचं लोकार्पण झालं, 2019 च्या सप्टेंबरमध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. तुम्ही म्हणाल, आता हा सगळा जुना इतिहास. म्हणून मी दुसरं उदाहरण आणलं आहे. ते आजचं आहे आणि या गावात बसलेल्या मुलांचं आहे. सिकलसेल.

सिकल म्हणजे विळा. तांबड्या पेशी एरवी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फोडल्यासारख्या वेदना होतात. 1910 मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नोंदवला. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे. 1952 मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो आढळला, आणि मग मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात सगळीकडे. 1954 मध्ये ॲलिसन या शास्त्रज्ञांनी पूर्व आफ्रिकेत आणखी एक गोष्ट दाखवली. ज्यांना एकाच पालकाकडून हा जनुक मिळतो, ते वाहक, त्यांना मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून संरक्षण मिळतं. म्हणजे हा जनुक कुणाच्या पापाचा किंवा शापाचा नाही. मलेरियाच्या रानात ज्यांचे पूर्वज तगले, त्यांच्या रक्तात तो उरला.

आता वर्गातला प्रयोग. फुकटचा आहे. दोन डब्या घ्या. प्रत्येकीत एक ज्वारीचा आणि एक तुरीचा दाणा टाका. या डब्या म्हणजे आई आणि वडील, दोघेही वाहक. डोळे मिटून प्रत्येक डबीतून एक दाणा काढा. तूर-तूर आली तर मूल आजारी. एक तूर, एक ज्वारी, तर वाहक. दोन्ही ज्वारी, तर काही नाही. दाणे परत टाका आणि पुन्हा काढा. वर्गातल्या चाळीस मुलांनी एकेकदा केलं की फळ्यावर आकडे मांडा. तूर-तूर दहाच्या आसपास येईल. कधी सात, कधी तेरा. त्यातून मुलांना एक गोष्ट कळेल जी मोठ्यांनाही नीट कळलेली नसते. चारांत एक, म्हणजे पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुटली, असं नाही. प्रत्येक वेळी डबीत तेच दोन दाणे असतात.

केंद्र सरकारनं 1 जुलै 2023 रोजी शहडोलमधून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली. 2047 पर्यंत निर्मूलन आणि चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी, हे तिचं उद्दिष्ट. महाराष्ट्रातल्या आदिवासी जिल्ह्यांत तपासणीचं काम त्याच्या बऱ्याच आधीपासून आहे, आपल्या जिल्ह्यातही. शाळांत, आश्रमशाळांत रक्ताचा थेंब घेतात आणि मुलांना कार्ड मिळतं. इथंच विज्ञानाचा तास संपतो आणि दुसरा सुरू होतो. ते कार्ड कुणी पाहायचं? शिक्षकांनी वर्गात नावं वाचून दाखवायची का? सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांना सांगायचं का? मुलीचं कार्ड आधी मागतात आणि मुलाचं मागतच नाहीत, हे कसं? सांगितलं नाही तर दोन वाहकांचं लग्न होऊ शकतं. सांगितलं तर एका निरोगी मुलीवर आयुष्यभराचा शिक्का बसू शकतो. वाहक हा रोगी नसतो, हे पाठ करून हा पेच सुटत नाही.

जगात हे आधी घडून गेलं आहे, म्हणून इतिहास शिकायचा. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या एका भागात सिकलसेलची तपासणी झाली आणि लोकांना सल्ला दिला गेला. काही वर्षांनी पाहिलं तर वाहकांना समाजात कमी लेखलं जाऊ लागलं होतं, म्हणून काहींनी लग्न ठरवताना ती गोष्ट लपवली, आणि आजार काही घटला नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात काळ्या लोकांच्या तपासण्यांचे कायदे घाईघाईनं झाले. वाहकांना नोकरी आणि विमा नाकारल्याच्या तक्रारी आल्या, आणि तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना 1981 पर्यंत प्रवेश नव्हता. सायप्रसमध्ये याच जातीचा थॅलेसेमिया हा आजार होता. तिथं लग्नाआधी तपासणीचा दाखला लागे, पण दाखल्यावर एवढंच असे की तपासणी झाली आणि सल्ला मिळाला. निकाल काय, हे फक्त त्या दोघांना माहीत. लग्न करायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं. बहुतेकांनी लग्न केलंच, आणि पुढे गर्भाच्या तपासणीचा आणि गर्भपाताचा कठीण निर्णयही त्यांच्याच वाट्याला आला. त्या देशात हा आजार घेऊन जन्मणारी मुलं जवळजवळ थांबली. त्या निर्णयाला प्रत्येकानं होकार द्यावा असं मी म्हणणार नाही. पण दाखला कसा लिहावा यातही नीती असते, हे त्यातून शिकता येतं.

शिक्षकमंडळी, मग वर्गात करायचं काय? माझी सूचना साधी आहे, तिला ना निधी लागतो ना शासननिर्णय. असा विषय आला की फळ्यावर तीन रकाने करा. पहिला: काय मोजता येतं? दुसरा: काय ठरवावं लागतं? तिसरा: ठरलं तर कुणाचं काय जातं आणि कुणाला काय मिळतं? पहिल्या रकान्यात चूक उत्तराला चूकच म्हणा, तिथं ‘ज्याचं त्याचं मत’ चालू देऊ नका. आजार भगताच्या उताऱ्यानं जातो की औषधानं आटोक्यात राहतो, हे मत नाही. दुसऱ्या रकान्यात मात्र तुमचं उत्तर मुलांवर लादू नका, ती भांडोत. आणि तिसऱ्या रकान्यात जो वर्गात हजर नाही त्याची बाजू कुणाला तरी मांडायला लावा. कच्छचा माणूस, तळोद्याच्या जंगलातला माणूस, कार्ड लपवणारी मुलगी. आणि हे सगळं मुलाच्या बोलीत होऊ द्या. मराठीत नीट वाक्य जुळत नाही म्हणून मूल गप्प बसलं, तर त्याला मत नाही असं समजू नका.

यावर एक आक्षेप घेतात, की एवढं चौदा वर्षांच्या मुलांना झेपेल का? मी वयाचाच हिशेब मांडतो. आज नववीत असलेलं मूल चार वर्षांनी ग्रामसभेत बसेल. वनहक्काचा ठराव, गावच्या नाल्यावरचा बांध, जवळच्या टेकडीवरची खडी, यावर त्याचा हात वर होणार. त्याच्या पुढेमागे त्याच्या घरात सोयरिकीची बोलणी सुरू होणार. तेव्हा कुणी त्याला विचारणार नाही की हे तुला झेपेल का. निर्णय त्याच्या पुढ्यात येऊन पडेल. तो यायच्या आधी एकदा तरी, चूक झाली तर कुणाचं नुकसान होणार नाही अशा जागी, त्याला सराव मिळाला पाहिजे. अशी जागा गावात एकच असते, आणि तिला आपण शाळा म्हणतो.

आता मला तुमचे प्रश्न ऐकायचे आहेत. मुलांनी आधी विचारावेत, आणि ज्या भाषेत सुचतील त्या भाषेत विचारावेत.